‘१९८४’चे वाचक आणि आपला सीमाभाग

जॉर्ज ऑर्वेल यांची ‘नाइन्टीन एटी-फोर’ ही कादंबरी ८ जून १९४९ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर साडेसात महिन्यांनी, २१ जानेवारी १९५० रोजी, वयाच्या अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी क्षयाने ऑर्वेल गेले. पुस्तक मात्र अजून वाचले जाते. जगात कुठे सत्तेने जरा जास्त हातपाय पसरले की लोक ते पुन्हा शोधून काढतात. मराठीतही त्याचा अनुवाद झाला आहे.

या कादंबरीच्या वाचकांचा इतिहास कादंबरीइतकाच विचार करायला लावतो. सोव्हिएत रशियात हे पुस्तक साम्यवादविरोधी म्हणून बंद होते. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात १९८१ साली याच पुस्तकावर आक्षेप घेण्यात आला, आणि आक्षेपाचे एक कारण पुस्तक साम्यवादाची बाजू घेते असे होते. उजव्यांना त्यात डावे दिसतात आणि डाव्यांना उजवे. सत्तेत नसलेल्याला सत्ताधारी दिसतो, आणि तोच उद्या सत्तेवर आला की पुस्तक विरोधकांच्या हातात जाते. प्रत्येकाला त्यात आपल्या विरोधकाचा चेहरा सापडतो. मग हे पुस्तक नेमके कोणाबद्दल आहे?

चिटगुप्पा, हुमनाबाद, भालकी, बसवकल्याण, आळंद या कर्नाटकाच्या सीमेवरच्या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी वाचकाला या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. ऑर्वेल ज्या महिन्यांत या कादंबरीचा शेवटचा खर्डा टंकलिखित करत होते, त्याच महिन्यांत आपल्या गावांवरून इतिहासाचा नांगर फिरत होता.

कादंबरीत काय आहे?

गोष्ट लंडनमध्ये घडते. देशाचे नाव ओशिआनिया. तिथे एकच पक्ष आहे आणि त्याचा सर्वोच्च नेता ‘बिग ब्रदर’. त्याची चित्रे भिंतीभिंतीवर आहेत, पण तो खरोखर आहे की नाही हे कोणालाच ठाऊक नाही. पक्षसभासदांच्या घराघरांत ‘टेलिस्क्रीन’ बसवलेला असतो. तो चित्र दाखवतो आणि समोरच्या माणसावर नजरही ठेवतो. कोणत्या क्षणी आपल्याकडे पाहिले जात आहे हे कळायला मार्ग नसतो, त्यामुळे माणूस सतत पाहिले जात असल्यासारखाच वागतो.

नायक विन्स्टन स्मिथ सत्य मंत्रालयात कारकून आहे. जुनी वर्तमानपत्रे दुरुस्त करणे हे त्याचे काम. नेत्याने केलेले भाकीत चुकले तर मागच्या तारखेच्या अंकातले भाकीतच बदलायचे. एखाद्याला सरकारने नाहीसे केले तर त्याचे नाव सगळ्या कागदांतून काढून टाकायचे. मूळ कागद भिंतीतल्या भोकात टाकला की तो खालच्या भट्टीत जळून जातो. कालपर्यंत ज्या देशाशी युद्ध होते तो आज मित्र झाला, तर तो नेहमीच मित्र होता असे सगळ्यांनी मानायचे असते. केवळ म्हणायचे नाही, मनापासून मानायचे.

याच्या जोडीला सरकार नवी भाषा घडवत असते. दरवर्षी शब्दकोश लहान होत जातो. ज्या विचाराला शब्दच उरला नाही तो विचार सुचणारही नाही, असा त्यामागचा हिशेब. विन्स्टन एक वही विकत घेतो आणि रोजनिशी लिहू लागतो. त्याचे बंड तिथून सुरू होते. पुढे ज्युलिया नावाच्या तरुणीवर तो प्रेम करतो, पकडला जातो, छळ सोसतो आणि शेवटी आतून पूर्ण मोडतो. सत्तेला त्याचा जीव घेण्याची घाई नसते. आधी त्याचे मन ताब्यात हवे असते.

हुकूमशाहीचा हा प्रकार जुन्या राजेशाहीपेक्षा वेगळा आहे. जुना राजा प्रजेकडून कर, मुजरा आणि गप्प बसणे मागत असे. मनात काय चालले आहे याची त्याला फारशी फिकीर नसे. सर्वंकष सत्तेला मनही लागते, भूतकाळही लागतो आणि खासगी प्रेमही लागते. ऑर्वेलनी हा फरक कादंबरीतून जितका स्पष्ट दाखवला तितका क्वचितच कोणी दाखवला असेल.

लेखकाचे आपल्याशी नाते

ऑर्वेल यांचे खरे नाव एरिक आर्थर ब्लेअर. जन्म २५ जून १९०३ रोजी बिहारमधल्या मोतिहारीत झाला. वडील ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात नोकरीला होते. एरिक लहानपणीच आईबरोबर इंग्लंडला गेले, पण १९२२ मध्ये इंडियन इम्पीरियल पोलीसमध्ये दाखल होऊन ब्रह्मदेशात आले. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. १९२७ पर्यंत त्यांनी ती नोकरी केली. दडपशाहीचे यंत्र त्यांनी प्रथम आतून पाहिले, आणि तेही दडपणाऱ्याच्या गणवेशात. पुढे स्पेनच्या यादवीत ते फॅसिस्टांविरुद्ध लढले. तिथे आपल्याच बाजूच्या वर्तमानपत्रांत न झालेल्या लढाया छापून येतात आणि झालेल्या गाळल्या जातात, हे त्यांना दिसले.

मराठी माणसाशी त्यांचा सरळ संबंध आला तो दुसऱ्या महायुद्धात. ऑगस्ट १९४१ मध्ये ते बीबीसीच्या पूर्व विभागात रुजू झाले. हिंदुस्थानसाठी कार्यक्रम तयार करणे हे त्यांचे काम. ते लिहीत असलेल्या साप्ताहिक वार्तापत्रांची मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ अशा भाषांत रूपांतरे प्रसारित होत. म्हणजे ‘नाइन्टीन एटी-फोर’ जन्माला येण्याच्या कितीतरी आधी ऑर्वेल यांचे शब्द मराठीतून रेडिओवर जात होते. या कामात त्यांच्या सहकारी होत्या वेणू चितळे. कोल्हापूरकडच्या, पुण्या-मुंबईत शिकून लंडनला गेलेल्या वेणूताई बीबीसीवर निवेदन करत आणि भाषणेही देत. १९४२ सालचे बीबीसीतले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद आणि ऑर्वेल यांच्यासोबत साडीतल्या वेणूताई आहेत. भारतात परतल्यावर त्यांनी ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी लिहिली. एका पुणेरी कुटुंबाच्या तीन पिढ्यांची ती कहाणी १९५० मध्ये प्रसिद्ध झाली.

बीबीसीतल्या त्या नोकरीत ऑर्वेल यांचा प्रत्येक मजकूर सेन्सॉरच्या हाताखालून जात असे. युद्धकाळात ब्रिटनचे माहिती मंत्रालय लंडन विद्यापीठाच्या सेनेट हाउस या उंच पांढऱ्या इमारतीत होते, आणि कादंबरीतल्या सत्य मंत्रालयाची इमारत तिच्यावरूनच सुचली असे मानले जाते. ऑर्वेल यांच्या पत्नी आयलीन याही काही काळ सेन्सॉर खात्यात काम करत होत्या. १९४३ च्या सप्टेंबरमध्ये ऑर्वेलनी राजीनामा दिला. लोकशाही देशाच्या कचेरीतही सत्याला कात्री कशी लागते हे ते पाहून आले होते. त्यामुळे या कादंबरीतले बरेच तपशील मॉस्कोचे नाहीत, लंडनचे आहेत. ज्यांनी ती केवळ ‘त्यांच्याबद्दलची’ म्हणून वाचली त्यांच्या नजरेतून ही बाजू निसटली.

पहिले वाचक, पहिले वाद

पुस्तक येताच अमेरिकेत काहींनी ते समाजवादावरचा आणि ब्रिटनच्या मजूर पक्षावरचा हल्ला म्हणून उचलून धरले. आजारी ऑर्वेलना खुलासा करावा लागला. जून १९४९ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या मोटार कामगार संघटनेचे फ्रान्सिस हेन्सन यांना पत्र लिहिले आणि आपण मजूर पक्षाचेच समर्थक आहोत हे सांगितले. केंद्रीय नियंत्रणाच्या अर्थव्यवस्थेत जे बिघाड संभवतात आणि जे साम्यवादी व फॅसिस्ट राजवटींत काही अंशी दिसले आहेत, ते दाखवणे हा आपला हेतू असल्याचे त्यांनी स्पष्ट केले. कथा इंग्लंडमध्ये घडवली तीही जाणून. इंग्रजी बोलणारे लोक उपजत शहाणे असतात असे कोणी समजू नये म्हणून.

‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’चे लेखक आल्डस हक्सली यांनी त्याच वर्षी ऑर्वेलना पत्रातून वेगळे मत कळवले. भविष्यातले सत्ताधारी लाठीने राज्य करणार नाहीत, लोकांना सुखाची गुंगी देऊन राज्य करतील, असे त्यांना वाटत होते. पुढे मार्क्सवादी अभ्यासक आयझॅक डॉइशर यांनी कठोर टीका केली. हे पुस्तक शीतयुद्धाचे हत्यार बनले आहे, ते वाचकाला विचार देण्याऐवजी भीती देते, असा त्यांचा आक्षेप होता. या टीकेत तथ्य आहे. फाटक्या खिशातून नाणी सांडावीत तसे कादंबरीतले शब्द राजकीय भाषणांत सांडत राहिले, आणि वापरून वापरून बोथट झाले.

सर्वांत बोलका प्रतिसाद मात्र लोखंडी पडद्याआडून आला. पोलिश कवी चेस्वाव मिवोश यांनी १९५३ च्या ‘द कॅप्टिव्ह माइंड’ या ग्रंथात त्याची नोंद केली आहे. पूर्व युरोपात हे पुस्तक मिळणे अवघड आणि बाळगणे धोक्याचे होते. ज्या थोड्या वरिष्ठ पक्षसभासदांनी ते वाचले ते थक्क झाले. रशियात कधीही न राहिलेल्या माणसाला आपल्या जगण्यातले इतके बारकावे कसे कळले, हे त्यांना उमगत नव्हते. पूर्व जर्मनीत तर १९५० च्या दशकाच्या अखेरीस एका तरुण कामगाराला हे पुस्तक बाळगल्यापायी तुरुंगात जावे लागले. रशियन वाचकांनी कित्येक वर्षे टंकलिखित प्रती हातोहात फिरवल्या. सोव्हिएत संघात ते उघडपणे छापले गेले ते १९८० च्या दशकाच्या अगदी शेवटी.

लष्करी राजवटीतल्या ब्रह्मदेशात लोक म्हणत की ऑर्वेलनी आमच्या देशावर एक नव्हे, तीन कादंबऱ्या लिहिल्या: ‘बर्मीज डेज’, ‘ॲनिमल फार्म’ आणि ‘नाइन्टीन एटी-फोर’. थायलंडमध्ये २०१४ च्या लष्करी उठावानंतर निदर्शक रस्त्यावर उभे राहून हे पुस्तक मुकाट्याने वाचत. ना घोषणा, ना फलक. तरीही पोलिसांनी काहींना धरले. अमेरिकेत २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी सरकारी टेहळणीची कागदपत्रे उघड केल्यावर आणि पुन्हा जानेवारी २०१७ मध्ये या पुस्तकाची विक्री एकदम वाढली.

पंचवीस जून

ऑर्वेल यांचा जन्मदिवस २५ जून. योगायोग असा की १९७५ मध्ये त्याच तारखेच्या रात्री भारतात आणीबाणी जाहीर झाली. ती २१ मार्च १९७७ पर्यंत टिकली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉरशिप आली. बेंगळुरूत असलेले अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि मधु दंडवते यांना तिथेच अटक झाली. दंडवते बेंगळुरूच्या तुरुंगात आणि पत्नी प्रमिलाताई येरवड्याला, असे दिवस त्या घराने काढले. बेंगळुरूच्याच तुरुंगात कन्नड चित्रपटसृष्टीतल्या अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांची प्रकृती ढासळली, आणि सुटकेनंतर थोड्याच दिवसांत जानेवारी १९७७ मध्ये त्यांचे निधन झाले.

मराठी साहित्याचा त्या काळातला सर्वांत ताठ आवाज दुर्गा भागवत यांचा. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. दुर्गाबाई अध्यक्ष होत्या. केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण उपस्थित असताना त्यांनी लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली आणि आजारी जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. यदुनाथ थत्ते यांच्या संपादकपदाखाली ‘साधना’ साप्ताहिकाने सेन्सॉरशी झुंज दिली. मिनू मसानी यांनी ‘फ्रीडम फर्स्ट’ या मासिकावरच्या सेन्सॉरच्या आदेशांना मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले, आणि १९७६ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सनदशीर मार्गाने सरकारशी असहमत होणे आणीबाणीतही गुन्हा ठरत नाही, हे त्या निकालाने ठसवले.

याउलट २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक मतांनी ठरवले की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्ध नागरिकाला न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले. बहुमतात होते न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निकाल दिला आणि जबलपूरचा निर्णय मोडीत काढला. तो रद्द ठरवणारे निकालपत्र यशवंतरावांचे पुत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. खासगीपणाचा हा खटला दाखल करणारे के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते. टेलिस्क्रीनच्या भीतीला भारताने घटनेच्या भाषेत दिलेले हे उत्तर. वडिलांचा निकाल मुलाने बदलला, पण जुना निकाल कोणी जाळला नाही. तो आजही ग्रंथालयात वाचायला मिळतो, आणि चूक कुठे झाली हे त्यामुळेच शिकता येते.

आपल्या मातीतले वाचन

आता आपल्या भागाकडे वळू. चिटगुप्पा आज कर्नाटकातला तालुका आहे. १९४८ पर्यंत ते निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या ‘पायगा’ या सरदार घराण्याच्या जहागिरीत होते. संस्थानात तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी बहुसंख्य प्रजा, आणि राज्यकारभार उर्दूत. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी लागे. त्यासाठीचे ‘गश्ती निशाण ५३’ हे परिपत्रक कुप्रसिद्ध होते. खासगी शाळा आणि व्यायामशाळा यांच्यावरही परवानगीची बंधने होती. अशा काळात ग्रंथालये, वाचनालये आणि गुलबर्ग्याच्या नूतन विद्यालयासारख्या शाळा ही लोकजागृतीची ठिकाणे बनली.

१९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी घालण्यात आली. जी संस्था अजून जन्मलीच नाही ती बेकायदा ठरली! तिचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ यांचा जन्म विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा, आणि वर्ष ऑर्वेल यांचेच, १९०३. ही बंदी १९४६ पर्यंत राहिली.

तरीही निजामाचे राज्य म्हणजे ऑर्वेल यांचे ओशिआनिया नव्हे, हे नीट समजून घ्यायला हवे. ती जुन्या वळणाची एकतंत्री राजवट होती. तिला मुजरा हवा होता, मन नको होते. खेड्यातल्या माणसाच्या घरात काय बोलले जाते, कोणती ओवी गायली जाते, कोणत्या देवाला नवस बोलला जातो, यात तिला रस नव्हता. माणिकनगरच्या माणिकप्रभूंच्या दारात हिंदू आणि मुसलमान दोघेही जात होते, ते याच राज्यात. शेवटच्या वर्षी मात्र कासीम रझवी यांच्या रझाकार या सशस्त्र स्वयंसेवकांनी वेगळीच हवा पसरवली. शेजाऱ्याला शत्रू ठरवणे, अफवांवर माणसे पेटवणे, गप्प राहणाऱ्यालाही निष्ठा सिद्ध करायला लावणे, ही सर्वंकष सत्तेची लक्षणे ‘रझाकारी’त दिसू लागली.

हैदराबादच्या ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध आणि भारतात विलीन होण्याच्या बाजूने लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा रात्री रस्त्यात खून झाला. मारेकऱ्यांनी त्यांचा हात तोडला. रझाकारांना विरोध करणाऱ्यांत मुसलमानही होते, हे शोएबुल्लांच्या नावाने कायमचे नोंदले गेले आहे. त्याआधी मे महिन्यात बसवकल्याण भागातल्या गोरटा गावावर रझाकारांनी हल्ला केला. सुमारे दोनशे माणसे मारली गेली असे सांगितले जाते. तिथे आता हुतात्मा स्मारक आहे.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली. आपल्याकडे याला ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात. बहुसंख्यांसाठी ती सुटका होती. पण त्यापुढच्या आठवड्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत मुसलमानांच्या फार मोठ्या प्रमाणावर कत्तली झाल्या. नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांचे सद्भावना मंडळ पाठवले. नोव्हेंबरच्या अखेरीपासून २१ डिसेंबर १९४८ पर्यंत त्यांनी संस्थानाच्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत प्रवास केला. एकूण २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून शेजाऱ्यांना वाचवल्याचेही त्यांनी लिहिले. हा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. कित्येक दशके तो सामान्य वाचकाला पाहायला मिळाला नाही. ए. जी. नूरानी यांच्या २०१३ च्या ‘द डिस्ट्रक्शन ऑफ हैदराबाद’ या ग्रंथामुळे तो सर्वांसमोर आला.

डिसेंबर १९४८ च्या पहिल्या आठवड्यात ऑर्वेलनी स्कॉटलंडच्या जुरा बेटावरून कादंबरीचे टंकलिखित प्रकाशकाकडे रवाना केले. कागद नाहीसे करणाऱ्या कारकुनाची ती गोष्ट टपालात पडली तेव्हा आपल्या जिल्ह्यांच्या वेदनेची नोंद घेणारी माणसे धुळीच्या रस्त्यांवरून फिरत होती, आणि त्यांचा कागद पुढे कपाटात बंद होणार होता. त्यांचा अहवाल जाळला गेला नाही, एवढाच आपल्या लोकशाहीचा ओशिआनियाशी फरक. पण हा फरक फार मोठा आहे. कपाटातला कागद उशिरा का होईना बाहेर येतो. राखेतून काही येत नाही.

गोरटा आणि सुंदरलाल अहवाल ही आपल्या वाचनाची खरी कसोटी. एकाला गोरटा आठवते आणि अहवाल आठवत नाही. दुसऱ्याला अहवाल आठवतो आणि गोरटा आठवत नाही. दोघेही प्रामाणिक असतील, पण दोघांनीही विन्स्टनचे काम नकळत घरच्या घरी केलेले असते. १७ सप्टेंबर हा एकच दिवस आज महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणा वेगवेगळ्या प्रकारे साजरा करतात. प्रत्येकाच्या भाषणात काही गावे येतात आणि काही गळतात.

पुस्तकाच्या मर्यादा

इतके असले तरी ही कादंबरी म्हणजे पोथी नव्हे. तिच्यात धर्म जवळपास नाही आणि जात तर नाहीच. आपल्याकडे माणसावर नजर ठेवायला सरकारी यंत्र लागतेच असे नाही. आळी, भावकी आणि जात हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. एखाद्या मुलीने कोणाशी बोलावे, एखाद्या माणसाने कोणत्या विहिरीवर पाणी भरावे, हे ठरवायला इथे कोणत्याही मंत्रालयाची गरज पडली नाही. दलित आणि स्त्री वाचकाने ‘पाळत’ हा भाग वाचला तर त्याला किंवा तिला लंडनपेक्षा आपले गाव आधी आठवेल, आणि ते वाचन तितकेच खरे आहे.

ज्युलियाचे चित्रण उथळ आहे, तिला स्वतःचे मन नाही, असा आक्षेप अनेक स्त्री वाचकांनी घेतला. सँड्रा न्यूमन यांनी २०२३ मध्ये ‘ज्युलिया’ या कादंबरीत हीच गोष्ट तिच्या बाजूने पुन्हा लिहिली. हक्सली यांचा इशाराही आज अधिक खरा वाटतो. टेलिस्क्रीन कोणीतरी भिंतीवर बसवला होता. मोबाइल आपण स्वतः विकत घेतो, रात्री उशाशी ठेवतो आणि आपण कुठे गेलो, काय पाहिले, कोणावर चिडलो हे त्याला आपणहून सांगतो. खोटी बातमी पुढे पाठवायला आज सत्य मंत्रालय लागत नाही. एक अंगठा पुरतो.

कसे वाचावे?

ऑर्वेल यांच्या कादंबरीचे जगभरचे वाचक पाहिले की त्यांचे दोन गट पडतात. पहिल्या गटाने पुस्तक विरोधकाकडे बोट दाखवायला वापरले. त्यांच्या हातात ते लवकर जुने झाले, कारण विरोधक बदलत राहिला. दुसऱ्या गटाने त्यात आपला पक्ष, आपले दैनिक, आपली जमात शोधली. मिवोश यांनी पाहिलेले पक्षसभासद या गटातले होते. पोलीस म्हणून ब्रह्मदेशात राबलेले आणि बीबीसीत सेन्सॉरच्या हाताखाली लिहिणारे ऑर्वेल स्वतःही याच गटातले. त्यांनी आरशात पाहूनच हे पुस्तक लिहिले. हे पुस्तक सत्तेच्या कार्यपद्धतीबद्दल आहे आणि ती पद्धत कोणत्याही झेंड्याखाली चालते. म्हणून ज्या पानावर आपलीच बाजू अडचणीत येते, तिथून ते खरे वाचायला सुरुवात होते.

चिटगुप्प्यासारख्या गावात हे वाचन सोपे नाही, पण शक्य आहे. इथे घरात मराठी, शाळेत कन्नड आणि बाजारात दखनी बोलणारा माणूस दिवसातून तीनदा दुसऱ्याच्या बाजूने ऐकायला शिकतो. तीन भाषांत आठवणी सांगणाऱ्या गावाचा इतिहास एकाच भाषणात बसवणे कोणत्याही सत्तेला जड जाते.

म्हणून एक विनंती. हे पुस्तक जरूर वाचा, मराठीत वाचा, मुलांना वाचायला द्या. वाचून झाले की वही घ्या. १९४८ मध्ये दहा वर्षांची असलेली मुले आज नव्वदीला टेकली आहेत. आपल्या घरात, शेजारच्या गल्लीत, मशिदीजवळच्या मोहल्ल्यात आणि मठाच्या वाड्यात अशी माणसे अजून आहेत. रझाकारीत काय झाले आणि पोलीस ॲक्शननंतर काय झाले, दोन्ही त्यांना विचारा. कोणी कोणाला मारले हे विचारा आणि कोणी कोणाला लपवून वाचवले हेही विचारा. त्यांच्या शब्दांत, तारीख आणि गावाच्या नावासह लिहून ठेवा. वहीची एक प्रत घरी ठेवा आणि एक गावच्या वाचनालयात द्या. ही माणसे गेल्यावर हे काम कोणालाही करता येणार नाही, म्हणून याच वर्षी करा.